खिशातली डबी आणि दोन सेकंदांचा दाब

वर्ध्याच्या स्टँडवरून यवतमाळची एसटी सुटली, तशी भाच्यानं खिशातून एक डबी काढली आणि मांडीवर ठेवली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. एका कडेला बारीकसा हिरवा दिवा, दर सेकंदाला लुकलुकणारा. शेजारच्या आजीबाईंनी आधी डबीकडे पाहिलं, मग भाच्याकडे, मग माझ्याकडे, आणि आपली पिशवी हळूच पलीकडे सरकवली.

दोस्तांनो, त्या डबीत भिण्यासारखं काही नव्हतं. आत तांदळाच्या दाण्याएवढा एक हवेचा दाब मोजणारा सेन्सर, नोंदी साठवणारी एक चिप आणि छोटीशी बॅटरी. भाचा माझा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या कॉलेजातली काही मुलं छोटी रॉकेटं उडवतात. दिवाळीचे बाण नव्हेत. माणसाच्या उंचीची, पॅराशूटनं परत खाली येणारी. ही डबी अशाच एका रॉकेटातून काढून त्यानं सोबत घेतली होती. आम्ही निघालो होतो महागावला, मावशीकडे, हुरडा खायला. डबीला कशाला न्यायचं, असं मी विचारलं, तर म्हणाला, "मामा, रॉकेटात ती जेमतेम मिनिटभर काम करते. आज जरा मोठा प्रवास करू दे तिला."

डबी काय करते ते आधी सांगतो. आपल्या डोक्यावर हवेचा थर आहे आणि हवेला वजन आहे, हे तुम्ही शाळेत शिकलात. वर चढलं की डोक्यावरची हवा थोडी कमी होते, म्हणून दाबही कमी होतो. समुद्रकाठी तो साधारण १०१३ हेक्टोपास्कल असतो. दर आठ-नऊ मीटर चढलं की एकानं उतरतो. वर्धा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २३५ मीटरवर आहे आणि यवतमाळ साधारण ४४५ मीटरवर. म्हणजे आमच्या एसटीनं दोनशे मीटरची चढण चढायची होती. तुम्ही त्या रस्त्यानं गेला असाल तर म्हणाल, चढण? कुठली चढण? खरंच, डोळ्याला काही दिसत नाही. देवळी मागे पडते, वर्धा नदीचा पूल येतो, पुलापलीकडे यवतमाळ जिल्हा सुरू होतो. दोन्हीकडे कपाशीची शेतं, मधूनच तूर, मधूनच सागाची झाडं. पण डबीला सगळं कळत होतं. भाच्याच्या मोबाइलवर तिचे आकडे उमटत होते आणि पूल ओलांडल्यावर ते एकेक करून खाली येऊ लागले.

कळंबला आम्ही उतरलो. तिथलं चिंतामणीचं देऊळ प्रसिद्ध आहे. देवळात वर चढायचं नसतं, पायऱ्या उतरून खाली जायचं असतं. भाच्यानं हात जोडले आणि लगेच मोबाइल पाहिला. आकडा किंचित वाढला होता! तेवढ्या पायऱ्यांचा फरकसुद्धा डबीनं टिपला. मला गंमत वाटली आणि थोडी लाजही. देवापुढे उभं राहून आम्ही आकडे बघत होतो.

रॉकेटात या डबीचं काम फार महत्त्वाचं आहे. रॉकेट वर जातं तसा दाब घटत जातो. एका क्षणी घटायचा थांबतो आणि वाढू लागतो. म्हणजे काय झालं? रॉकेट शेंड्याला पोचून खाली वळलं. त्याच क्षणी डबी पॅराशूट सोडायचा हुकूम देते. चुकली, तर माणसाच्या उंचीचं रॉकेट दगडासारखं खाली येतं. म्हणून या दाण्याएवढ्या सेन्सरवर मुलांचा जीव असतो.

पण ही झाली बाहेरच्या हवेची गोष्ट. रॉकेटात आणखी एक दाब असतो. तो आत असतो, मोटरीच्या पोटात, आणि खरी दहशत त्याचीच. त्याच्याकडे वळण्याआधी यवतमाळात थोडं फिरू.

यवतमाळला एक छोटी आगगाडी होती. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. शकुंतला तिचं नाव. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, अरुंद रुळांवरून डुलत जायची. इंग्रजांच्या काळात इथला कापूस बाहेर नेण्यासाठी ती घातली. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन या मार्गावर ओढायला होतं आणि १९९४ च्या एप्रिलपर्यंत ते चाललं. पुढे डिझेल आलं आणि आता ती गाडीच धावत नाही. २०२४ मध्ये मोठ्या रुळांची गाडी वर्ध्याहून कळंबपर्यंत आली आहे. पुढचा मार्ग व्हायचा आहे. मला शकुंतला आठवते ती तिच्या ड्रायव्हरमुळे. लहानपणी एकदा मी इंजिनापाशी जाऊन उभा राहिलो होतो. ड्रायव्हरसाहेब रुळांकडे कमी आणि समोरच्या पितळी तबकडीकडे जास्त बघत होते. तबकडीत एक काटा थरथरत होता. मी विचारलं, हे घड्याळ का? ते म्हणाले, "घड्याळच, पण वेळ नाही सांगत. इंजिनाला राग किती आला ते सांगते."

तो वाफेचा दाब. काटा फार वर गेला तर बॉयलर फुटेल, फार खाली आला तर गाडी थांबेल. वाफेचा दाब मिनिटांच्या हिशेबानं चढतो-उतरतो, म्हणून माणसाला काट्याकडे बघत बसता येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शहराबाहेरच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. जानेवारी म्हणजे इथं जिनिंग-प्रेसिंगचा हंगाम. ओळखीनं आम्हाला एका कारखान्यात जाऊ दिलं. सरकी वेगळी केलेली रुई एका लोखंडी पेटीत टाकतात आणि हायड्रॉलिक दट्ट्या तिला दाबतो. खोलीभर वाटणारा पांढरा ढीग बघता बघता एका गाठीत मावतो. वजन साधारण १७० किलो. भाचा गाठीकडे बघतच नव्हता. तो तेलाच्या नळीवर बसवलेल्या गेजपुढे उकिडवा बसला होता. दट्ट्या खाली येईपर्यंत काटा जेमतेम हलायचा आणि शेवटी रुई घट्ट झाली की सर्रकन चढायचा. तिथल्या मिस्त्रींनी विचारलं, "काय पाहून रायला रे भाऊ? आमचा काटा बिघडला का?" भाचा म्हणाला, "नाही हो काका, आमच्या काट्याला हा वेग जमत नव्हता, म्हणून बघतोय."

मिस्त्रींना ते काही कळलं नाही. मलाही नाही. मग पुढच्या एसटीत त्यानं सगळी कथा सांगितली.

आता मुलांनो, तुम्ही पंक्चरच्या दुकानात गेला असालच. तिथं हवा 'पौंडा'त मोजतात. कारच्या चाकात तीस-बत्तीस पौंड, ट्रकच्या चाकात शंभराच्या आसपास. तुमच्या घरचा कुकर शिट्टी देतो तेव्हा आत बाहेरच्यापेक्षा साधारण पंधरा पौंड जास्त दाब असतो. शकुंतलेसारख्या छोट्या वाफेच्या इंजिनात दीड-दोनशे पौंड धरा. आणि मुलांच्या हातभर लांब रॉकेट मोटरीत? पाचशे ते आठशे! कुकरच्या तीस-चाळीस पट किंवा त्याहूनही जास्त. तोही कसा? पेटल्यापासून डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पूर्ण चढतो आणि दोन सेकंदांत सगळं संपतं. काट्याकडे बघायला ड्रायव्हर बसवायचा कुठे? आणि बसवला तर तो बघणार काय?

मोटरीच्या आत काय होतं ते असं समजा. एसटी स्टँडवर एक खोली आहे, तिला बाहेर जायला एकच अरुंद दार. आतल्या भिंतींतून सारखी माणसं निघताहेत. माणसं म्हणजे जळणाऱ्या इंधनाचा वायू. दार म्हणजे मोटरीच्या टोकाची नळी. तिच्या अरुंद भागाला घसाच म्हणतात. दारातून जेवढे बाहेर जातात तेवढेच भिंतीतून आले, तर खोलीतली गर्दी ठरावीक राहते. पण इथं एक वाईट खोड आहे. गर्दी वाढली की भिंतीतून माणसं आणखी वेगानं निघू लागतात! दाब वाढला की हे इंधन जास्त भरभर जळतं. म्हणून घसा थोडा तुंबला, किंवा इंधनाच्या वडीला तडा जाऊन जळायला जास्त जागा मिळाली, की दाब भराभर चढतो आणि भिंत फुटते. दिवाळीत अनार मजेत उडता उडता एकदम फट्कन फुटलेला तुम्ही पाहिला असेल. तोंड तुंबलं, दुसरं काय!

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, आणि आई-बाबांनीही वाचावी. असं इंधन घरी बनवायचं नाही. आपल्याकडे १८८४ पासून स्फोटक पदार्थांचा कायदा आहे आणि त्याखाली परवान्याशिवाय हे करता येत नाही. भाच्याच्या गटातही इंधन आणि मोटर हाताळणं हे परवाना असलेल्या मोठ्या माणसांचं काम. मुलांचं काम मोजमापाचं. मला विचाराल तर जास्त डोकं लागतं ते त्यालाच.

मोटरीच्या पोटातला दाब मोजायचा कसा? आत सेन्सर ठेवून द्यावा म्हटलं तर तिथं दीड हजार अंशांच्या वर उष्णता. सेन्सर शंभर-सव्वाशे अंशांतच रडू लागतो. मग मोटरीच्या पुढच्या जाड झाकणाला सुईएवढं भोक पाडतात, त्याला एक बारीक पोलादी नळी जोडतात आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला सेन्सर. नळीत ठासून ग्रीस भरायचं. हो, तेच बैलगाडीच्या आसाला लावतात तसलं. गरम वायू ग्रीसला ढकलतो, ग्रीस सेन्सरला ढकलतं. दाब पोचतो, आग पोचत नाही. ग्रीसमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर? हवा दबते, त्यामुळे दाब उशिरा पोचतो आणि आकडे खोटे येतात. भाचा सांगत होता, पहिल्यांदा ग्रीस भरायला त्यांना अख्खी दुपार लागली आणि शेवटी डॉक्टरांकडच्या सिरिंजनं जमलं.

सेन्सरच्या आत पोलादाचा एक पातळ पडदा असतो. दाब आला की तो केसापेक्षाही कमी वाकतो. त्याच्यावर चिकटवलेल्या बारीक तारा ताणल्या जातात, ताणल्या की त्यांचा विद्युतरोध बदलतो. बारावीतल्या ताईला व्हीटस्टनच्या ब्रिजबद्दल विचारा. त्या चार रोधांच्या चौकटीनं हा बदल पकडता येतो. पण मिळणारा विद्युतदाब अगदी क्षीण, काही मिलिव्होल्ट. तो आधी शंभर-दोनशे पट मोठा करायचा, मग त्याचे आकडे करायचे आणि चिपमध्ये साठवायचे.

आणि सेन्सर खरं बोलतो हे कशावरून? पंक्चरवाल्याचं गेज दोन पौंड चुकलं तर चालतं, इथं चालत नाही. म्हणून हातपंपानं तेलाचा दाब द्यायचा, शेजारी चांगलं गेज लावायचं आणि शंभर, दोनशे, तीनशे असं चढत दोन्हींचे आकडे लिहून घ्यायचे. मग उतरत पुन्हा तेच. कंटाळवाणं काम. भाच्याच्या म्हणण्याप्रमाणे गटातले निम्मे लोक याच टप्प्यावर गळाले.

पहिली चाचणी त्यांनी जमिनीवरच घेतली. मोटर लोखंडी चौकटीत घट्ट आवळलेली, मुलं शंभर मीटरवर वाळूच्या गोण्यांमागे. बटण दाबलं, दोन सेकंद कान बधिर झाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग धावत जाऊन नोंद उघडली, तर काय? नुसती सरळ रेघ! झालं असं, की यंत्र सुरू करून ठेवलं आणि पेटवणीची एक वायर निसटली म्हणून दहा मिनिटं थांबावं लागलं. तेवढ्यात चिप रिकाम्या नोंदींनी भरून गेली. खरी वेळ आली तेव्हा तिच्यात लिहायला जागाच नव्हती! परीक्षेत उत्तर लिहिण्याआधीच सगळी पुरवणी समास आखण्यात संपवावी, तसं झालं ते.

मग त्यांनी युक्ती बदलली. चिप गोल फिरत राहते. जुन्या नोंदींवर नव्या लिहिते आणि फक्त शेवटचे काही सेकंद जपते. दाब एका ठरावीक आकड्याच्या वर गेला की मागचे ते सेकंद आणि पुढचे दहा सेकंद कायमचे ठेवायचे. कितीही वेळ थांबा, हरकत नाही.

दुसरी चाचणी. पुन्हा वाळूच्या गोण्या. बटण दाबलं आणि धडाम! मोटर फुटली. झाकण कुठल्या कुठे उडालं, चौकट वाकली. कुणाला ओरखडाही आला नाही, पण भाचा म्हणाला, "मामा, पाच मिनिटं कुणी बोललंच नाही."

या वेळी नोंद मात्र सापडली. सेकंदाला हजार नोंदी घेतल्या होत्या. आलेखात दिसलं ते असं: दाब नेहमीसारखा पाचशे पौंडांपर्यंत चढला, तिथं सपाट व्हायला हवा होता, तो झाला नाही. पुढच्या तीस नोंदींत, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट वेळात, तो पंधराशेवर गेला. तिथं सेन्सरची मोजपट्टीच संपली आणि पुढे शून्य. समजा, त्यांनी सेकंदाला दहाच नोंदी घेतल्या असत्या, तर त्या तीस ठिपक्यांच्या जागी एकही ठिपका पडला नसता. आधी पाचशे, नंतर शून्य. मधलं काहीच नाही. मोटरीची नळी कच्ची होती असं म्हणून त्यांनी जाड नळी आणली असती आणि पुढच्या वेळी ती फुटली असती, जास्त जोरानं.

आलेखावरून ते मागे गेले. नळी एक हजार पौंड सहज सोसते हे आधीच तपासलं होतं, म्हणजे दोष नळीचा नव्हता. इतक्या वेगानं दाब वाढायला जळणारी जागा एकदम वाढायला हवी. त्याच खेपेला आलेली इंधनाची दुसरी वडी शिल्लक होती. परवानाधारकांनी ती भिंगाखाली पाहिली, तर केसासारखा तडा. थंडीच्या रात्री गाडीत हादरे खात आलेल्या वड्या. वडीवरून हात फिरवून तो तडा कुणालाच कळला नव्हता.

मोठी माणसंही असंच करतात बरं का. २०१० च्या २४ जानेवारीला इस्रोनं श्रीहरिकोट्याला एस-२०० नावाच्या प्रचंड बूस्टरची पहिली चाचणी जमिनीवर घेतली. आत दोनशे टनांच्या आसपास इंधन, सव्वादोन मिनिटांच्या आत खेळ खलास, आणि तेवढ्यात सुमारे सहाशे निरनिराळी मापं टिपली. त्याच जातीच्या दोन बूस्टरांनी २०२३ च्या जुलैत चांद्रयान-३ ला वर नेलं. त्यांचे काही भाग आपल्या पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला बनलेले असतात.

तिसऱ्या चाचणीत आलेख जसा हवा तसा आला: झटकन चढ, मग डोंगरमाथ्यासारखा सपाट पट्टा, मग उतार. त्यानंतर हे सगळं यंत्र उडत्या रॉकेटात बसवायचं ठरलं, तर नव्याच अडचणी. जमिनीवर वायर लांब नेऊन यंत्र सुरक्षित ठेवता येतं, रॉकेटात ते मोटरीच्या डोक्यावरच बसतं. सुटताना रॉकेट असं जोरात ढकललं जातं की प्रत्येक वस्तूचं वजन दहा पट झाल्यासारखं होतं. स्प्रिंगच्या खाचेत बसवलेली बॅटरी स्प्रिंग दाबून सुटते आणि यंत्र बंद! म्हणून बॅटरी पट्ट्यांनी आवळायची आणि तारा डाग देऊन जोडायच्या. बऱ्याच छोट्या मोटरींत पुढच्या झाकणापाशी पॅराशूट बाहेर ढकलायची थोडी दारू असते. तीच जागा दाबाच्या नळीनं घेतली. मग पॅराशूट कोण सोडणार? आमची एसटीतली डबी! आणि इथंच मोठी गोम. नळीच्या जोडातून मोटरीचा वायू केसभर जरी गळला, तर डबीच्या कप्प्यात दाब वाढतो. डबीला वाटतं, दाब वाढला म्हणजे रॉकेट खाली येतंय. ती भर वेगात पॅराशूट सोडते आणि कापडाच्या चिंध्या होतात. एक दाब दुसऱ्याला फसवतो. म्हणून दोन यंत्रांमध्ये रबराच्या कड्यांनी बंद केलेला पक्का पडदा. या पडद्यापायी त्यांचं उड्डाण दोनदा पुढे गेलं आहे.

एवढं बोलेपर्यंत आर्णी गेलं आणि महागाव आलं. दुसऱ्या दिवशी हुरडा झाला, पोटभर झाला, लसणाच्या चटणीबरोबर झाला. त्याचं वर्णन करत नाही, नाहीतर तुम्ही हे पान टाकून स्वयंपाकघरात जाल.

तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, फुलसावंगीला जाऊन येऊ." का, ते मला माहीत होतं.

फुलसावंगी हे महागाव तालुक्यातलं मोठंसं गाव. चारचौघा गावांसारखं. स्टँडजवळ चहाची हॉटेलं, कृषी केंद्रं, मोबाइलची दुकानं, वेल्डिंगचा चर्र आवाज. अशाच एका वेल्डिंगच्या कामावर एक तरुण होता. शिक्षण आठवीपर्यंत, वय चोविशीच्या आसपास. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्या गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे. मोबाइलवर बघून बघून, लोखंड कापून, जोडून, मारुती ८०० चं इंजिन लावून त्यानं स्वतः एक हेलिकॉप्टर बनवलं. दोन वर्षं खपला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, रात्री, तो आत बसून ते जमिनीवरच चालवून बघत होता. मागचा पंखा तुटला, वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला, आणि ते पातं त्याच्या डोक्याला लागलं. त्यात तो गेला.

आम्ही त्याचं घर विचारलं नाही. दुकानही विचारलं नाही. चहाच्या हॉटेलात जाऊन बसलो. भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमची मोटर फुटली तेव्हा आम्ही शंभर मीटरवर होतो, कारण आम्हाला तसं सांगणारे सर होते. आणि बघायला आमच्याऐवजी सेन्सर होता. हा एकटा होता, मामा. आणि बघायला स्वतःच आत बसला."

हात त्याचे आमच्या भाच्यापेक्षा शंभर पटींनी तयार असणार, यात मला शंका नाही. असा मुलगा गावात असेल तर त्याच्यापर्यंत आपणहून पोचणारी एखादी प्रयोगशाळा हवी होती, असं मला वाटतं. त्यानं प्रयोगशाळा शोधत कुठवर जायचं?

डबी टेबलावर लुकलुकत होती. शेजारच्या बाकावरचे एक म्हातारबुवा मघापासून तिच्याकडे बघत होते.

"काय जी, हे डबडं कायचं होय?"

"हवेचा दाब मोजतं, आजोबा. रॉकेटात लावतात."

"रॉकेटात?" बुवा एकदम सरसावून बसले. "मंग थे सिंदेवाईले पडलं, थेच ना? आम्ही पायलं थे. गुढीपाडव्याच्या रातीले. जसं काही इमानच जयत चाललं आभायातून!"

बुवांची आठवण पक्की होती. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भातल्या कितीतरी गावांतून लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला, धातूचं तीन मीटर रुंद कडं पडलं आणि आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले. चीनच्या एका रॉकेटाचे ते अवशेष असावेत, असं जाणकारांनी सांगितलं. इस्रोची माणसंही येऊन बघून गेली.

"थे गोळे कायचे होते पण?" बुवांनी विचारलं.

भाच्याचा चेहरा जरा खुलला. "दाबाच्या बाटल्या, आजोबा. रॉकेटातलं इंधन पुढे ढकलायला वायू लागतो, तो त्यात ठासून भरतात. इतका दाब सोसायला बनवलेल्या असतात, की सगळं रॉकेट जळालं तरी त्या उरतात. आणि गोल असतात, कारण गोलाला कोपरा नसतो. दाब कोपरा शोधत असतो."

"म्हंजे बैलाच्या पोटावानी," बुवा म्हणाले. त्यांनी डबी हातात घेतली, कानाला लावून पाहिली. "आवाज नाही करत?"

"नाही, नुसती लिहीत असते."

"मंग आमच्या गावचं काय लिवलं?"

भाच्यानं मोबाइल त्यांच्यापुढे धरला. वर्ध्यापासूनची सगळी रेघ त्यात होती. वर्ध्याला उंच, वर्धा नदीच्या पुलावर आणखी जराशी उंच, कळंबला देवळाचा छोटासा टेंगूळ, यवतमाळला चोवीसेक आकड्यांनी खाली, मग पुढचे चढउतार. शेवटी एक लांब, जवळजवळ सपाट तुकडा.

"हे फुलसावंगी," भाचा म्हणाला. "चाळीस मिनिटं झाली आपण इथं बसलोय."

बुवांनी चष्मा वर करून पाहिलं. "सपाट कुठं हाय? खाली चाल्ली न थे."

खरंच, रेघ अगदी हळूहळू उतरत होती. आम्ही जागचे हललो नव्हतो. भाच्यानं घड्याळ पाहिलं. दुपारचे दोन वाजत होते. आपल्याकडे रोज सकाळी दहाच्या सुमाराला हवेचा दाब चढलेला असतो आणि दुपारी चारपर्यंत तो थोडा थोडा उतरतो, ऊन असो की थंडी. डबीनं तेही लिहून ठेवलं होतं. तुमच्या घरातल्या एखाद्या मोबाइलमध्ये दाबाचा सेन्सर असेल तर सुटीच्या दिवशी एका जागी ठेवून तासातासाला आकडा वहीत लिहा, तुम्हालाही दिसेल.

बुवांनी डबी टेबलावर ठेवली, आमच्या चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नाहीत, आणि चारपर्यंत थांबा म्हणाले. ती रेघ वर कधी वळते ते त्यांना बघायचं होतं.